मशीन न्हाय म्हणालं

दीक्षा कांबळेला ऑफिसात सगळे शंकेखोर म्हणत. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या छोट्या कंपनीत रक्तदाते शोधून देणारी यंत्रणा तिच्याकडे होती. दात्यांची नावं चार सर्व्हरवर वाटून ठेवलेली. चौघांनी एकमेकांना ओळखलं तरच उत्तर पुरं यायचं. सेटिंग चुकलं तर एखादा सर्व्हर चालू व्हायचा खरा, पण बाकीचे न सापडल्यामुळे वेगळी चूल मांडून बसायचा, आणि विचारणाऱ्याला बिनदिक्कत 'दाता नाही' सांगायचा. म्हणून दीक्षाने तपासणी लिहिली होती: साथीदार दिसले नाहीत तर सर्व्हरने सुरूच व्हायचं नाही.

एकदा लोडशेडिंगनंतर या तपासणीपायी सकाळभर सेवा बंद राहिली. मालक अमरसिंह तापले. "आदी चालू हू दे की! चूक काय ती मागनं बघू." दुकान उघडं दिसलं पाहिजे, आत माल असो नसो, हा त्यांचा खाक्या. दीक्षा भांडभांड भांडली, पण नोकरी होती. तिने तपासणी काढली.

दसऱ्यासाठी ती आईला, आक्काताईंना, घेऊन आधीच नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. इकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, रिवाजाप्रमाणे सर्व्हर बंद करून पुसले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला आणि पुन्हा चालू केले. सेटिंग एरवी दीक्षा हाताने द्यायची. या वेळी एका सर्व्हरवर चाचणीच्या वेळचं जुनंच राहिलं. तो मुकाट सुरू झाला. सगळे पेढे खाऊन घरी गेले.

दसऱ्याच्या सकाळी गारगोटीच्या बाळासोची बायको क्रांती कोल्हापुरात बाळंत झाली. रक्तस्राव थांबेना. दवाखान्याने याच यंत्रणेवर ओ निगेटिव्ह शोधलं; विचारणा नेमकी त्या सर्व्हरकडे गेली. उत्तर आलं, दाता नाही. शिवाजी पेठेतला जयसिंग, यादीतलाच दाता, तेव्हा दारात मोटरसायकल धूत होता. क्रांती दुपारी गेली.

परतल्यावर दीक्षाला चूक दिसली. तिने स्वतः दवाखान्याला कळवलं. मग एके दिवशी बाळासो ऑफिसात आला, पण भांडला नाही.

"ताई, मशीन बंद असतं तर बरं झालं असतं. पेठंत दारोदार फिरलो असतो की मी. त्ये न्हाय म्हणालं, म्हणून नुस्तं बसून ऱ्हायलो."

दीक्षाला रडू आवरेना. तो गेल्यावर तिने तपासणी परत घातली. जुन्या ओळी तिच्याकडे होत्याच. समोरचा चहा निवायच्या आत काम झालं. एवढ्याशा कामापायी एक बाई गेली, हे दीक्षाला जन्मभर सोसलं नाही.