तव्यामागचे दोन चुंबक

आवडाबाईंनी तो छोटासा तवा अमिनाच्या हातावर ठेवला. "बघ गं पोरी, याच्या पाठचं गळून पडलंय. सवडीनं लावून दे."

तवा तीन बोटं रुंदीचा, पितळी रंगाचा, फ्रिजच्या दाराला चिकटवायचा. पुढून काकासाहेबांच्या भांड्यांच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर. अमिनानं तो उलटा केला. पाठीला दोन खळगे होते आणि दोन्ही रिकामे होते.

"यातले चुंबक कुठं गेले, मावशी?"

"कुणाला ठाऊक. परवा रेवती खेळत होती याच्याशी. आता ती बी पडलीय आजारी. कालपासनं ओकतीय, पोट धरून रडतीय. डॉक्टरनं फोटो काढला. म्हणला, बटणासारखं काहीतरी गिळलंय, केळी चारा, निघून जाईल."

"किती दिसले फोटोत?"

"एकच. व्हय, एकच म्हणला तो."

अमिनाच्या हातातला तवा तसाच राहिला. रेवती आवडाबाईंची नात, सव्वातीन वर्षांची. तिचे आईबाप दोघंही पहाटेच्या बसनं वाळूजला कंपनीत जायचे, त्यामुळे दिवसभर ती आजीपाशी असायची, आणि अर्धा दिवस अमिनाच्या ओट्यावर. मुकुंदवाडीच्या त्या बोळात दोन्ही घरांची दारं समोरासमोर होती.

अमिना पिशोरची. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. दाण्यातले खिळे, तारेचे तुकडे जात्यात जाऊ नयेत म्हणून दाणे ओतायच्या चाडीपाशी एक मोठा लोहचुंबक बसवलेला असायचा. तो पुसून काढायचं काम लहानपणी तिच्याकडे होतं. लग्न होऊन शहरात आली तेव्हा तिनं आपल्या स्वयंपाकघरात सुऱ्या चिकटवायला भिंतीवर चुंबकाची पट्टी ठोकली, शिलाईच्या सुया सांडू नयेत म्हणून डबीच्या झाकणाला चुंबक लावला, पडद्याच्या कडेला लावला. शेजारणींनी मागितलं, तिनं करून दिलं. त्यातूनच धंदा उभा राहिला. दवाखान्याच्या नंबराची पाटी, गिरणीच्या वेळा, बारशाला वाटायला पाळणा, असं काहीबाही ती साच्यातून काढायची, रंगवायची आणि मागं चुंबकाचं रबर चिकटवायची. आठ वर्षं तिच्या हातच्या वस्तू लोकांच्या फ्रिजवर होत्या. कधी तक्रार आली नव्हती.

काकासाहेबांच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांना वाटायला असे तीनशे तवे सांगितले. "अमिनाबी, रबर नको या वेळी," ते म्हणाले. "घसरतं ते. चार बिलं अडकवली तरी हललं नाय पाहिजे." म्हणून तिनं शर्टाच्या बटणाएवढे, चांदीसारखे चकचकीत चुंबक मागवले. प्रत्येक तव्याला दोन. पहिल्याच दिवशी तिच्या नवऱ्यानं, गयासनं, दोन चुंबक हातात घेतले आणि तळव्याची कातडी त्यांच्यामध्ये सापडून तो कळवळला. "ये चीज खेलने की नै," तो म्हणाला होता. "आमच्या कंपनीत यानं एकाच्या बोटाची साल काढली." ती हसली होती.

आणि दहा दिवसांपूर्वी बोळातलीच मनकर्णाबाई असाच एक तवा घेऊन आली होती. ओढून काढला तर चुंबक फ्रिजलाच राहिला, म्हणाली. एखाद्या नगाला गोंद कमी लागला असेल असं समजून अमिनानं तो पुन्हा चिकटवून दिला होता. तिनं आणखी काही विचारलं नव्हतं.

"मावशी, चला," ती म्हणाली. "आधी तुमचा फ्रिज बघू."

दुसरा चुंबक घरातच कुठंतरी असेल, असं ती मनाला बजावत होती. फ्रिजच्या दारावर नव्हता. बाजूला नव्हता. तिनं फ्रिज भिंतीपासून ओढला, मागची जाळी हातानं चाचपली. गॅसची शेगडी उचलली, डब्यांची मांडणी, पिंपाचा तळ, दाराची कडी, खाटेचे पाय, जिथं जिथं लोखंड होतं तिथं तिथं तिनं हात फिरवला. मग घरून एक लोखंडी पट्टी आणून ती सगळ्या फरशीवरून, कोपऱ्याकोपऱ्यातून ओढली. पट्टीला एक पिन लागली आणि एक टिकली. खाटेवर रेवती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. रडायचीही थांबली होती. अमिनाला ते रडण्यापेक्षा जास्त भयानक वाटलं.

"फोटो दाखवा बरं, मावशी."

तिनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. पोटाच्या जागी एक पांढरा ठिपका होता. गोल नव्हता, आडव्या बारक्या वडीसारखा होता. म्हणजे चुंबक कडेवर उभा दिसत होता. अमिना पळत घरी गेली, उरलेल्यांतले चुंबक घेऊन आली आणि एक चुंबक कडेवर उभा करून त्या ठिपक्याशेजारी धरला. ठिपका जाड होता. तिनं दोन चुंबक एकमेकांना चिकटवून धरले. ठिपका त्याहूनही किंचित जाड होता. मग तिनं डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा त्या पांढऱ्यात मधोमध केसाएवढी काळी रेघ दिसली.

दोन्ही चुंबक आत होते. एकमेकांना भिडले होते, पण पुरते भिडले नव्हते. मधल्या त्या केसाएवढ्या जागेत काय सापडलं असेल ते तिला कळलं.

एक विचार तिच्या मनात आला, आणि तो आला हे तिनं पुढं गयासपाशी कबूल केलं. डॉक्टर म्हणतोय बटण आहे. बटणच म्हणू द्यावं. तव्याची पाठ आवडाबाईंशिवाय कुणी पाहिली नव्हती, आणि त्यांनीही दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. एवढं मनात येऊन गेलं, आणि तोवर तिनं रेवतीला उचललंही होतं.

"मावशी, रिक्षा बघा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय."

"अगं पण केळी—"

"केळी नाय, पाणी नाय, काही द्यायचं नाय आता. चला."

रिक्षात आवडाबाई काही विचारत राहिल्या आणि अमिना रिक्षावाल्याला घाई करत राहिली. पोरीचं पोट तिच्या हाताला घट्ट लागत होतं, आणि रिक्षा प्रत्येक खड्ड्यात उडाली की पोर कण्हायची.

दवाखान्यात बाहेर सव्वीस जण बसले होते. चिठ्ठ्या देणारा माणूस म्हणाला, "कालच दाखवून गेलात ना? बसा, नंबर येईल." अमिना बसली नाही. तिनं सरळ पडदा बाजूला केला. आतला डॉक्टर तरुण होता, दुसऱ्या पेशंटची छाती तपासत होता. तो चिडून उठला.

"बाई, बाहेर थांबा."

"हे बटण नाय, डॉक्टरसाहेब," अमिना म्हणाली. "लोहचुंबक आहेत. दोन आहेत."

"फोटोत एक दिसतोय."

तिनं रेवतीला बाजूच्या बाकावर निजवलं आणि हातातले चुंबक एकमेकांपासून सोडवले. तिनं डाव्या हाताच्या अंगठ्याजवळची कातडी ताणली, एका बाजूनं एक चुंबक लावला आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा सोडला. टक्‌ आवाज झाला. हात उलटा केला, झटकला, तरी चुंबक पडले नाहीत. मधली कातडी पांढरीफटक पडली.

"पोरीच्या पोटात असं झालंय," ती म्हणाली. "परवा दुपारपासनं. फोटोत मधी रेघ दिसती, बघा तुम्ही."

डॉक्टरनं तिच्या हाताकडं पाहिलं, मग फोटो दिव्यावर लावला. त्या रेघेवर त्यानं बोट टेकवलं. मग त्यानं फोन उचलला, आणि त्याचा आवाज बदललेला होता. सर्जनला बोलावलं, ऑपरेशनची खोली तयार करायला सांगितली. बाहेरच्या माणसाला म्हणाला, मुलीच्या आईबापाला बोलवा.

"तुम्हाला कसं कळलं हे?" त्यानं विचारलं.

"मीच केलेत ते," अमिना म्हणाली. "तव्याला मीच चिकटवलेत."

आवडाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. बाकावरून रेवतीला त्यांनी उचलून घेतलं, आणि नर्स येईपर्यंत पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

बद्रीनाथ, रेवतीचा बाप, कंपनीच्या कपड्यांतच आला, मागोमाग तिची आई. पोर आत नेलेली होती. आवडाबाईंनी मुलाला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. तो अमिनापाशी आला, तिच्या समोर उभा राहिला. हात उगारतो की काय असं तिला वाटलं. उगारला असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"तुमच्या ओट्यावर खेळायची ती, भाभी," तो म्हणाला. "तुम्ही जा इथनं."

ती गेली नाही. जिन्याखाली, त्याच्या नजरेआड जाऊन बसली. दुपारची नमाज तिथंच बसल्या बसल्या पढली. गयास आला, तिच्याजवळ बसला. अडीच तासांनी सर्जन बाहेर आले. आतड्याचे दोन वळसे त्या दोन चुंबकांनी एकत्र पकडले होते, आणि एके ठिकाणी भोक पडायला सुरुवात झाली होती. बोटभर आतडं कापून शिवावं लागलं. "उद्यापर्यंत थांबला असतात तर—" सर्जन म्हणाले आणि वाक्य पुरं न करता हात धुवायला गेले.

पोर वाचली. नऊ दिवस दवाखान्यात होती.

पण अमिनाच्या डोळ्यांपुढं आता उरलेले दोनशे नव्व्याण्णव तवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकासाहेबांच्या दुकानात गेली. तवे वाटताना बक्षिसाच्या सोडतीसाठी त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन लिहून घेतला होता, हे तिला माहीत होतं.

"ती वही द्या मला. सगळे तवे परत आणायचेत."

काकासाहेब घाबरले, मग रागावले. "माझं नाव आहे त्याच्यावर. घरोघरी जाऊन सांगणार, काकासाहेबांनी विष वाटलं म्हणून? पंचवीस वर्षं घातलीत मी या दुकानात."

"तुमचं नाव नाय घेणार. चुंबक मी लावले, मी सांगीन."

"नाव छापलंय की त्याच्यावर."

"मग मी इथं दुकानापुढं उभी राहीन. येणाऱ्या जाणाऱ्याला सांगीन. आज पण, उद्या पण."

काकासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या डाव्या हातावर अंगठ्याजवळ निळा डाग पडला होता. त्यांना तीन नातवंडं होती. ते आत गेले आणि वही घेऊन आले. थोड्या वेळानं म्हणाले, "फोन मी करतो निम्म्यांना. माझा आवाज ओळखतात लोक."

त्यानंतरचे सतरा दिवस अमिना आणि गयास घरं हिंडत होते. गयासनं शिफ्ट बदलून घेतली. सिडको, चिकलठाणा, पुंडलिकनगर, रेल्वे स्टेशनमागच्या वस्त्या. कुणी तवा लगेच काढून दिला, कुणी चहा पाजला. एका घरातली बाई देईचना. "लई चांगलं धरतंय हो, असं कुठं मिळत नाय," ती म्हणाली. अमिनानं पुन्हा आपल्या हातावर चुंबक लावून दाखवले. बाईनं आत जाऊन तवा आणला आणि दोन बोटांनी धरून, अंगाला लागू न देता दिला.

चिकलठाण्याच्या एका घरात तव्याची पाठ उघडी निघाली. एक चुंबक जागेवर होता, दुसरा नव्हता, आणि घरात दीड वर्षाचं लेकरू रांगत होतं. अमिना गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागली. घरातले सगळे जण शोधायला लागले. अर्ध्या तासानं तो मिक्सरच्या खाली, मोटारीच्या पत्र्याला चिकटलेला सापडला. लेकराची आई मटकन खाली बसली, आणि अमिनाही तिच्याशेजारी फरशीवर बसली. दोघी अनोळखी होत्या.

दोनशे अठ्ठ्याऐंशी तवे परत आले. अकरा आले नाहीत. काही लोक घर सोडून गेले होते, काहींनी कुणाला तरी देऊन टाकला होता. एक तवा पाहुण्यांबरोबर कुठल्याशा गावी गेला होता. अमिनानं त्या अकरा नावांचा कागद करून ठेवला, आणि कुणी ओळखीचं भेटलं की विचारत राहिली.

चकचकीत चुंबक तिनं पुन्हा घरात आणले नाहीत. दोनेक वर्षं तिनं काहीच केलं नाही, मग शिंप्यांसाठी कापडात रबरी चुंबक शिवून सुया ठेवायच्या गाद्या करायला लागली. तेवढंच.

आवडाबाई दोन महिन्यांनी बोलल्या. एके सकाळी समोरच्या दारातून म्हणाल्या, "कोथिंबीर लई आणलीय, ने थोडी." अमिना गेली. दोघींनी कोथिंबीर निवडली. रेवती आतून आली, फ्रॉक वर करून पोटावरची शिवण दाखवत म्हणाली, "हे बघ, अमिनाचाची." आवडाबाईंनी फ्रॉक खाली ओढला.

बद्रीनाथ मात्र बोलला नाही. रेवती शाळेत जायला लागली तेव्हा त्यानं आईच्या हाती पेढे पाठवले, पण बोळातून जाताना तो मान खाली घालूनच जायचा. गयास एकदा म्हणाला, "मी बोलू का त्याच्याशी?"

"नको," अमिना म्हणाली. "त्याला जेवढं वाटतंय, तेवढं त्याचं वाजवी आहे."