बिराजदार मॅडमची दोन बोटं

बिराजदार मॅडम माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या गळ्याला दोन बोटं लावत आणि म्हणत, “गिळा बघू.” अप्पांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, त्यांची ओळख अशीच झाली. कॅन्सरच्या उपचारात घशाला किरणांचे शेक दिले, गाठ गेली. जाताना गिळणंही घेऊन गेली. नाकात नळी आली.

सोलापूरच्या ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथं मॅडम गिळायला शिकवत. स्नायूंच्या आजारानं घास अडकणारी माणसंही त्यांच्याकडे येत. मॅडम मूळच्या अक्कलकोटकडच्या. चिडल्या की कन्नडमध्ये पुटपुटत; निम्म्या वॉर्डाला कन्नड कळतं हे त्यांच्या गावीही नसे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “पाणी लई चपळ असतं, ताई. घास एकवेळ वाट विचारंल, पाणी विचारत न्हाय.” म्हणून पावडर घालून कढीइतकं घट्ट केलेलं पाणी, तेही चमच्यानं, हनुवटी छातीला टेकवून.

सगळं पाळलं, आणि एका सोमवारी मीच देवळातून तीर्थ आणलं. तीर्थाला कसलं आलंय पथ्य, असं वाटलं. अप्पांनी सवयीनं मान वर केली, तोंड उघडलं, मी पळी ओतली. ते खोकलेच नाहीत, नुसते निळे पडत गेले. तीर्थ फुफ्फुसात उतरलं होतं, त्यातून न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ते अतिदक्षता विभागात होते.

मॅडम रागावतील म्हणून मी तोंड लपवत होते. त्या एवढंच म्हणाल्या, “तीर्थ बी घट्ट करायचं. देव रागवत न्हाय.” आणि महिन्याभरानं चमचा माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं. नळी राहू द्या, मला पुन्हा मारायचं नाही त्यांना, असं स्पष्ट सांगितलं.

तेव्हा त्यांनी माझी बोटं अप्पांच्या गळ्यावर ठेवली आणि वर स्वतःची. ती थरथरत होती. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाईची बोटं!

“माझ्या हातनं एक पेशंट गेलाय, ताई,” त्या हळूच म्हणाल्या. “तवापासनं मी रोज भिते. भ्या, पण चमचा भरा. त्यांना भूक हाय की.”

मी भरला. अप्पांनी गिळलं; कंठमणी बोटांखाली वर सरकला, खाली आला.

अप्पा त्यानंतर सव्वा वर्ष जगले आणि तोंडानं जेवले. त्या सव्वा वर्षात मी न भिता भरवलेला एकही चमचा नाही.