मी बासष्ट, काटा बराबर

सकाळी काट्यावर चढायचं, दांडी स्थिर होईस्तोवर श्वास धरायचा आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मी बासष्ट! काटा बराबर!" हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

जवळा बाजार गावात तो आमच्या समोर राहायचा. जन्मभर आडतीवर मापाडी होता, सोयाबीनची पोती तोलायचा. म्हातारपणी आडतीतला जुना लोखंडी काटा त्याने ओसरीत आणून ठेवला आणि बाजाराच्या दिवशी लोकांची वजनं करू लागला. फुकट. फुकट म्हणून बोलण्याचा हक्क दुप्पट. सगळे त्याला मामा म्हणायचे. काटा तपासायला मापं नव्हती. त्याचं म्हणणं, तीस वर्षं मी बासष्टच आहे, मीच माप. बासष्टवर दांडी जरा कलली की तिच्या टोकाचा नट पिळायचा, पुन्हा बासष्ट. असला ताठा मी शिकवते त्या शाळेतल्या साहेबांतही पाहिला नाही.

माझे गुडघे गेले होते. खाली बसले की उठवायला दोन माणसं लागायची. ऑपरेशन करायचं तर वजन बहात्तरवर आणा, दर आठवड्याला मोजून लिहा आणि तीन महिन्यांनी या, असं हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं. त्या दिवशी त्यांच्याकडे मी चौऱ्याऐंशी भरले, मामाच्या काट्यावरही तेवढीच. म्हणून दर बाजाराला त्याच्याकडे जाणं आलं.

"बाई, चौऱ्याऐंशी!" भाजी घेणाऱ्या बायका वळून बघायच्या. मग तो कोळशाने भिंतीवर आकडा लिहायचा. दुसऱ्या आठवड्यात मी रडकुंडीला आले, तेव्हा मात्र एक शहाणपणाचं बोलला. "एका दिवसाचा आकडा म्हंजी ओलं सोयाबीन. त्यात ओलावा असते. चार बाजार एकसाथ बघा."

चार झाले, आठ झाले. अर्धी भाकरी, बिनतेलाची भाजी, पहाटे काठी टेकत चालणं. आणि भिंतीवर चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, साडेत्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी.

"चोरून खाऊन राहिल्या तुमी."

"मामा, एक दाणा जास्त खात नाही मी."

"मंग उतरत काहून न्हाई? काटा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलते."

हे आमच्या ह्यांनी ऐकलं आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. तेहतीस वर्षांच्या संसारात मी चोर ठरले. त्या दिवशी मामाच्या तोंडाला कुलूप घालावंसं वाटलं. शेजारणींचीही वजनं वाढत होती. "गल्ली फुगून राहिली सारी," तो म्हणायचा. मी गणित शिकवणारी बाई, पण मलाही काही सुचलं नाही.

तीन महिन्यांनी हिंगोलीला गेले. डॉक्टरांच्या काट्यावर शहात्तर. दोनदा मोजलं. बसमधून उतरले ती पिशवीसकट मामाच्या ओसरीवर.

"आठ किलो उतरलेय मी. तुमचा काटा खोटा आहे, आणि तुम्हीही."

"काटा बराबर हाय. मी बासष्ट."

आडतीच्या कारागिराने नटाच्या मूळ जागेवर लाल रंगाने खूण करून ठेवली होती. मी नट पिळून तिथे आणला आणि म्हटलं, चढा आता.

तो चढला. दांडीवरचं सरकतं वजन मागे नेत गेला. साठ. अठ्ठावन्न. चौपन्नला दांडी स्थिर झाली. बासष्ट राहायला त्याने पिळलेला नट माझ्यावर आठ किलो चढवत आला होता. मी जिंकले होते. मग वर पाहिलं तर सदरा खांद्यावरून लोंबत होता, गळ्याची हाडं बाहेर आली होती. तीन महिने दर आठवड्याला मी त्याच्यासमोर उभी राहिले होते, पण रागापायी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

त्याने दांडीला बोट लावून पाहिलं. "ओलावा उडाला असंल, बाई," म्हणाला.

त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. मला त्याचा राग आजही येतो. साऱ्या गावाचं वजन बघणाऱ्याने एकदा दुसऱ्याच्या काट्यावर चढू नये?

पण दवाखान्यातून परत आणल्यावर पुन्हा सकाळी हाक आली, "मी बासष्ट! काटा बराबर!" आवाज निम्मा झाला होता. नट पुन्हा पिळलेला आहे, हे मला घरात बसून कळलं. मी भाजी निवडत राहिले.

तो गेला त्याच्या आदल्या बाजाराची गोष्ट. त्या सकाळी डॉक्टरांकडे मी बहात्तर भरले होते, ऑपरेशनचा दिवसही ठरला होता. सांगायला गेले, तर तो खुर्चीवर बसून होता. बोटाने काटा दाखवला. मी चढले. त्याने वजन सरकवलं.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "खाल्लं ना चोरून?"

मी काट्यावरून खाली उतरले.

"खाल्लं, मामा. दोन लाडू."

"मंग!" म्हणाला, आणि कोळसा शोधू लागला.