नावाड्याचं वाक्य

आमची नलिनी बर्फ चघळत पुस्तकं लिहायची. लिहायला बसली की फ्रिजमधला एक खडा गालात धरायची आणि तो विरघळेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. मी काही विचारलं तर बोट वर. म्हणजे थांबा, राणी नदीपाशी आहे.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. जेवढं पाणी प्यावं तेवढं अंगातच साचायचं, पाय सुजायचे, दम लागायचा. म्हणून मी रोज सकाळी एक लहान तांब्या भरून तिच्यापुढे ठेवायचो. दिवसभराचं पाणी तेवढंच, चहा धरून. आणि तिच्या पुस्तकात पाहावं तर पाणीच पाणी.

ती माझी बायको. माहेर दर्यापूरकडचं, तिकडच्या विहिरींना खारं पाणी. आमचं वावर चांदूर बाजारजवळ, झेंडू आणि भाजीपाला करतो, विहीर गोड. ती म्हणायची, "माहेरी होती तं पानी पेववत नव्हतं. आता गोड हाय तं पेऊ देत नाई. कोनाच्या राशीले लागली मी?" म्हणायची आणि हसायची. रडताना मी तिला फार पाहिलं नाही.

ती मॅट्रिक झालेली, मी चौथीतून बाहेर पडलेलो. तिच्या गोष्टींचं मूळ काळ्या जमिनीत होतं. उन्हाळ्यात तिकडच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लहानपणी ती त्यात खडे टाकून कान लावायची. मोठेपणी खडे टाकणं सुटलं, कान लावणं सुटलं नाही. भेगांच्या खाली एक राज्य आहे, तिथे एक नदी आहे, तिथली माणसं पावसाचा आवाज मडक्यात भरून ठेवतात, असं सगळं ती लिहायची. दोन पुस्तकं छापून आली. पहिलं मला समजलं नाही. मी तोंडावर सांगितलं, "भुईखाली बेंडकं असतात. राज्य कुठून आलं?" ती म्हणाली, "मंग बेंडकाले राजा नसते काय?" दुसऱ्या पुस्तकात एक बेडूक प्रधान झाला. तो कशालाही हो म्हणत नाही. गावात सगळ्यांनी ओळखला.

तिसरं पुस्तक सुरू झालं आणि आजार वाढला. आठवड्यातून दोनदा एसटीनं अमरावतीला जायचं, चार-चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. ती त्याला हापिस म्हणायची. बाकीचे पेशंट झोपायचे, कण्हायचे, टीव्हीकडे पाहायचे. ही लिहायची. डाव्या हाताची शीर बंद पडली आणि सुया उजव्या हाताला लागल्या, तेव्हा मला वाटलं, सुटली एकदाची ही लिहिण्याची बला. तर तिथल्या सिस्टरनं तिला फोनमध्ये बोलून लिहायला शिकवलं. छातीवर फोन ठेवायचा आणि बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. मी म्हटलं, घरी आल्यावर तुझ्यात उभं राहायचं त्राण नसतं, इथं तरी पडून राहा. ती म्हणाली, "रोग अंगाले झाला. राणीले नाई झाला."

राणीचं नाव ओलावती. तिला शाप होता की ठरल्यापेक्षा एक घोट जास्त प्याली तर तिचं अंग दगडाचं होईल. आणि तिला जायचं होतं त्या भुईखालच्या नदीवर. एकदा नलिनी ते बोलत होती, राणी भेगेतून खाली उतरत होती, आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून तिला तांब्या देत होतो. घरी येऊन तिनं फोन उघडला तर राणीच्या गोष्टीच्या मधोमध लिहिलेलं, "घोट घोट पे. सारं एकदम पेऊ नको. मांगच्या खेपेले काय झालं, ध्यानात हाय ना?" फोननं माझं बोलणंही टिपलं होतं, थोडं वेडंवाकडं. मला वाटलं आता चिडेल. ती इतकी हसली की तिला खोकला आला. म्हणे, "मले नावाडी भेटत नव्हता. हा पाहा, आला."

तेव्हापासून पुस्तकात एक म्हातारा नावाडी आला. राणीला नदीवरून नेतो, तिचे घोट मोजतो आणि सारखा टोकतो. मग ती मुद्दाम फोन चालू ठेवून मला बोलतं करायची. मशीन वाजली, हात हलवू नको, खिडकी लावू काय, सगळं त्या नावाड्याच्या तोंडी गेलं.

प्रकाशक अकोल्याचे. भला माणूस. झालं तेवढं लिखाण घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, बाकी सगळं उत्तम आहे, फक्त नावाड्याची भाषा शुद्ध करून घेऊ. नलिनी म्हणाली, "सायेब, तो नावाडी हाय, मास्तर नाई. शुद्ध बोलला तं वल्हवायचं इसरून जाईन." मग हनुवटीनं मला दाखवून म्हणाली, "अन् तुमाले सुधरवायचाच असंल तं हा घ्या, इथंच बसला हाय." प्रकाशकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला जमणार नाही. चहा आला, तिनं अर्धा माझ्या बशीत ओतला, आणि तो विषय संपला.

पण पुस्तक शेवटाला येऊन अडकलं. राणी नदीच्या काठावर पोचली, वाकली, ओंजळ भरली, आणि तिथेच राहिली. नलिनीला पुढचं सुचेना. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, राणी वाकलेलीच. इकडे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलं आहे. मी तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "राणीले असं वाकवून ठुलं तं मले जाता येनार नाई."

एका खेपेला तिचा आवाज फार बारीक झाला होता. फोन छातीवर होता. ती म्हणाली, "आता नावाड्याचं वाक्य हाय. राणी विचारून राहिली, मी पेऊ काय? तुमी सांगा."

मी म्हटलं, मी काय सांगू, लिहिणारी तू.

"म्या सांगतलं तं ते खोटं होते. मोजनारे तुमी."

माझ्या मांडीवर तांब्या होता. मी तो खाली ठेवला. मग मी म्हटलं, "पे व. पोटभर पे. आता नाई मोजत मी."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "सुटला शाप."

माझ्या तोंडातून नेहमीचं निघून गेलं, "अन् गोळी घेतली काय?" फोन चालूच होता.

शेवट लिहून तिनं पुस्तक अकोल्याला पाठवलं. पोळा झाला आणि ती गेली. घरीच. श्वास वेगळा झाला तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, तोंडात पाणी घाला. कोणी चमचा आणायला धावलं. मी तिचा तांब्या उचलला. सकाळचा भरलेला होता, तसाच. थोडं थोडं सोडलं. किती आत गेलं, किती बाहेर आलं, पाहिलं नाही.

पुस्तक मागाहून आलं. प्रकाशकांनी काना-मात्रासुद्धा बदलला नाही. मी ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचतो. राणी ओंजळ भरून पिते, पिते, भुईवरच्या सगळ्या भेगा मिटतात, आणि शेवटच्या ओळीत नावाडी विचारतो, "अन् गोळी घेतली काय?"

परवा बाजारात एक बाई माझ्या झेंडूच्या पाटीसमोर थांबल्या. त्यांनी पुस्तक वाचलं होतं. म्हणाल्या, सगळं समजलं हो काका, पण शेवटी राणीला कसली गोळी होती?

मी म्हटलं, दुपारची.