रोलंडचा वरचा स्वर

भट्टीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाने घाई करावी, याला काय म्हणावं? नेव्हिल टनिक्लिफ आठवडाभर चिनी मातीच्या कपबश्या भाजायचा आणि शनिवारी ‘वेल्व्हेट हार्बर’मध्ये ड्रम बडवायचा. त्या बँडचं नाव आज त्यांच्या गावात, इंग्लंडमधल्या स्टोकमध्येसुद्धा कुणाला आठवत नाही. सत्त्याऐंशी साली एकच रेकॉर्ड निघाली, तीही लबाडीची. बँडचा गायक रोलंड, त्याला वरचा स्वर झेपत नाही म्हणून निर्मात्याने ध्रुवपदं भाड्याच्या गायकाकडून गाऊन घेतली. नेव्हिल तेव्हा गप्प बसला. म्हणे जिवाभावाचा मित्र.

गेल्या हिवाळ्यात कॅन्सरपायी रोलंडचं स्वरयंत्र काढावं लागलं आणि त्याची वाचा गेली. तेव्हापासून त्याची बायको मॉरीन रोज तीच रेकॉर्ड लावते आणि नेमकं ध्रुवपद आलं की डोळे पुसते. तो आवाज नवऱ्याचा नाही, हे तिला ठाऊकच नाही. रोलंडला ते सोसवेना.

मग नेव्हिलच्या माळ्यावर एक टेप सापडली. भाड्याचा गायक येण्याआधीची, सगळी रोलंडच्याच गळ्याची. त्या काळच्या टेपा चिकट होतात. वाजवण्याआधी त्या मंद आचेवर आठ तास शेकायच्या आणि मग रात्रभर निववायच्या, नाहीतर वरचा लेप सुटतो, असा नियम. नेव्हिलने ती अगदी बेताने शेकली.

“उद्या लावू गड्या. मॉरीनही घरी असेल.”

रोलंडने पाटीवर लिहिलं : आत्ता. तिच्याआधी मला ऐकू दे. स्वर लागलाच नसेल तर?

“अरे, गरम भट्टी उघडली की माल तडकतो. आता तुला हेही शिकवू?”

रोलंडने ‘आत्ता’खाली दोन रेघा ओढल्या. जुन्या अपराधाने नेव्हिलची जीभ बांधलेली. त्याला नाही म्हणवेना.

टेप फिरू लागली आणि पहिल्या कडव्यातच यंत्रावर तपकिरी भुकटी साचली. नेव्हिलचा हात बटणाकडे गेला तर रोलंडने मनगट धरलं. ती भुकटी म्हणजेच टेपेवरचा आवाज, एकदा झडला की गेला, हे नेव्हिलने सांगायला हवं होतं. तो पुन्हा गप्प बसला.

ध्रुवपद आलं. पंचविशीतला रोलंड वर चढला आणि स्वर लख्ख लागला. मग आवाज मलूल होत गेला, खरखरला, थांबला.

रोलंड रडत होता आणि हसतही होता. तेवढ्यात मॉरीन कामावरून आली. “काय रे नेव्हिल, दोघंच काय ऐकताय? गरम ओटकेक आणलेत खायला, निवतील.”

रोलंडने तिला हाताला धरून बसवलं आणि पाटी पुढे केली : हा माझा आवाज. ऐक. नेव्हिल, पहिल्यापासून लाव.

नेव्हिलच्या हातात नुसती कोरी पट्टी होती.