मऊ बाटलीचं माप

शिंदे की छावनीत कान्होजी वाबळे यांना लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे ते नापतौल खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुसरी म्हणजे, आपण निवृत्त झालो आहोत हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं.

नापतौल खातं म्हणजे दुकानदाराचं वजन-माप खरं की खोटं ते पाहणारं खातं. ग्वाल्हेरच्या बाजारात कान्होजींनी उभी हयात घालवली ती तागड्यांखाली चिकटवलेले चुंबकाचे तुकडे उपटण्यात. आता ते भाजी घेऊन आले की ओट्यावरच्या काट्यावर पुन्हा तोलत. भाजीवाले त्यांना पाहून चार भेंड्या आपण होऊन वर टाकत आणि कान्होजी त्या चार भेंड्या परत करत. जास्त माप हेही खोटंच माप, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते कान्होजी गेल्यावर बोलत.

वाबळ्यांचा मूळपुरुष शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आला. लग्नकार्यात नातेवाईक छाती काढून सांगत, "हम लोग घोडदळ में थे." त्यावर कान्होजी भर मांडवात दुरुस्ती करत, की तो पुरुष घोड्यावर कधी बसला नाही, तो घोड्यांना दाणा-चंदी मापून द्यायचा. तलवारी काय, सगळ्यांच्याच घरात होत्या. माप एकाच घरात होतं.

त्यांची बायको सुधाताई कंपू भागातल्या एका शाळेत गणित शिकवत असे आणि निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. ती मैत्रिणींना सांगायची, "आमच्या लग्नात मंगळसूत्र यांनी आधी तोलून घेतलं. वजन बरोबर भरलं म्हणून मी आज या घरात आहे." यातलं किती खरं, हे कान्होजींना कुणी विचारलं नाही, कारण ते ग्रॅममध्ये उत्तर देतील अशी भीती होती.

नातू झाला तेव्हा नर्स पाळण्यातून त्याला उचलून म्हणाली, "बधाई हो बाबूजी, पूरे तीन किलो." कान्होजींनी हात जोडले आणि विचारलं, "काँटे पर मुहर कब लगी थी?"

नातवाचं नाव युवराज. आता तो सहा महिन्यांचा झाला होता आणि घरावर संकट आलं होतं ते त्याच्या तोंडून. म्हणजे, तो बाटली तोंडातच घेईना.

सून गरिमा फूलबागेजवळच्या एका विमा कंपनीत होती. तिची रजा संपत आली होती. मुलगा समरजीत नोएडाला. शनिवारी येणार, रविवारी जाणार, आणि मधल्या काळात फोनवर "यार, कुछ तो करो" म्हणणार. सुधाताई दुपारपर्यंत शाळेत. म्हणजे सकाळभर युवराजला दूध पाजायचं काम कान्होजींचं. आणि हे जमलं नाही तर काय, हेही ठरून गेलेलं होतं. गरिमाची आई शांताताई इंदूरला राहत. तिथल्या शाखेत बदली मिळत होती. शांताताईंनी नातवासाठी खोली रंगवून घेतली होती आणि गादीही भरून ठेवली होती.

"बाबा, मला जायचं नाहीये," गरिमा म्हणाली होती. "पण तो उपाशी राहिला तर मी ऑफिसमध्ये बैठ के क्या करूँगी? शुक्रवारी अर्धा दिवस जाऊन बघते. मी परत येईपर्यंत त्याने अर्धी बाटली तरी प्यायली पाहिजे. नाही प्यायला, तर मग इंदूर."

अट साधी होती. कान्होजींना ती आवडलीसुद्धा. अर्धी म्हणजे अर्धी, त्यात वकिलाला जागा नव्हती. पण युवराज इंदूरला गेला तर घरात उरणार काय, याचा विचार त्यांनी एकदा करून पाहिला आणि उठून विनाकारण तांदूळ तोलले.

आधी त्यांनी स्वतः काचेची बाटली आणली. "काच खोटं बोलत नाही," ते म्हणाले. काचेवर रेघा कोरलेल्या, दूध कुठवर आहे ते स्वच्छ दिसे, उकळली तरी जशीच्या तशी. युवराजने तिला एक लाथ घातली. बाटली फरशीवर पडली आणि खरं बोलतच फुटली. कान्होजींनी सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढलं, तुकडे वेचले, आणि वर्तमानपत्रावर ते एकाला एक जुळवून पूर्ण बाटली पुन्हा आडवी मांडली. एकही तुकडा कमी नाही, अशी खात्री पटल्यावरच सुधाताईंना पोळ्या करायला आत सोडलं.

मग प्लास्टिकची आली. ती पडली तरी फुटेना, पण गरिमाने फोनवर कुठेतरी वाचलं की गरम दुधात प्लास्टिकचे कण उतरतात. तिची झोप उडाली. कान्होजींना कणांचं विशेष काही वाटलं नाही. कण मोजता येत नव्हते. त्यांचा आक्षेप वेगळा होता. चार वेळा उकळल्यावर बाटलीवरच्या रेघा पुसट झाल्या. ज्या मापाची रेघ आंघोळीबरोबर वाहून जाते त्याला माप म्हणायचं कसं? सासरा आणि सून यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, कारणं मात्र दोन वेगळी. युवराजने दोन्ही कारणं ऐकून घेतली आणि निपल थुंकून टाकलं.

तिसरी बाटली पार्सलने आली. सिलिकॉनची, पिस्त्याच्या रंगाची, कानाच्या पाळीसारखी मऊ. फुटत नाही, उकळता येते, कण सोडत नाही, असं गरिमा वाचून दाखवत होती. खोक्यावर लिहिलं होतं, आईच्या स्पर्शाची आठवण. कान्होजींनी बाटली हातात घेतलेली होती. ती त्यांनी हळूच खाली ठेवली.

"मसाल्याच्या फडताळात नका ठेवू हं बाबा," गरिमा म्हणाली. "ये सब चीज़ की बास पकड़ती है."

पण बास हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी कान्होजींनी बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक केले. बरोबर अर्धी. मग जरा घट्ट धरली. पाणी चढलं, पाऊण झाली. मूठ सैल केली, पुन्हा अर्धी. कान्होजी खुर्चीवर बसले.

"गरिमा, इकडे ये. ही बाटली बघ. हिला जो हातात धरील त्याच्या बाजूने साक्ष देते ही."

"बाबा, दबाओगे तो ऊपर आएगा ही ना."

"तेच म्हणतोय मी. कुणी दाबायची, किती दाबायची, काही नियम?"

"बाटलीला नियम?"

"मापाला नियम."

गरिमाने बाटली घेऊन युवराजच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी कुस्करली, कड चावली, निपल तोंडात घालून काढलं, आणि तो रडला नाही. आजवरच्या कुठल्याही बाटलीला हा मान मिळाला नव्हता. म्हणजे निकाल वादीच्या बाजूने लागला, हीच बाटली. कान्होजी रात्रभर कूस बदलत राहिले. ज्या मापावर नातवाचं राहणं-जाणं ठरणार, ते माप मुठीवर हलतंय. नोकरीत असताना त्यांनी अशी भांडी जप्त केली होती.

सकाळी ते लोहिया बाजारात एका जुन्या कारागिराकडे गेले. हा माणूस त्यांना ओळखत होता, आणि ते दुकानात शिरताच त्याने सवयीने आपला काटा पुढे सरकवला. कान्होजींनी खिशातून पिस्ता रंगाची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. तिला पितळेची बाहेरून बसेल अशी नळी हवी. बाजूला एक खाच, रेघा दिसायला. म्हणजे बाटली दबणार नाही.

कारागिराने बाटली दाबली, सोडली, पुन्हा दाबली. त्याला ती आवडलेली दिसली. "साहब," तो म्हणाला, "बच्चे को दूध पिलाना है कि बच्चे से चुंगी-टैक्स लेना है?"

नळी झकास झाली. आत बाटली बसवून कान्होजींनी टेबलावर उभी केली तेव्हा सुधाताई पेपर तपासत होती. तिने चष्मा वर केला.

"हे काय? यातून दूध निघणार की तोफेची सलामी?"

"आता हवी तेवढी मूठ आवळ. रेघ हलत नाही."

"अहो, ती मऊ आहे म्हणून तर आणली ना? मऊ बाटली आणून तिला टणक करायची, तर काचेचीच काय वाईट होती?"

"काच फुटते."

"आणि ही डोक्यात घातली तर दुसरं काहीतरी फुटेल," सुधाताई म्हणाली आणि पेपरांकडे वळली. वर्गातल्या ढ मुलांशीही ती याहून जास्त वेळ वाद घालत नसे.

शुक्रवारी सकाळी धुकं एवढं होतं की समोरचं घर दिसेना. गरिमाने दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. हे दूध कुठून आलं याचा उच्चार करणं कान्होजींना अवघड जाई, म्हणून ते त्याला 'माल' म्हणत. "माल कोमट पाण्यात ठेवायचा, गॅसवर नाही, बरोबर?" गरिमा हो म्हणाली, हेल्मेट घातलं, तीन वेळा मागे वळून पाहिलं आणि गेली. त्याआधीच सुधाताई शाळेत गेली होती. घरात दोन माणसं उरली, त्यांतलं एक भुकेलं होतं.

कान्होजींनी बाटली काठोकाठ भरली, पितळेच्या नळीत बसवली, मांडीवर युवराजला घेतलं आणि म्हणाले, "चला राजे."

जानेवारीतलं पितळ गालाला लागताच राजांनी असा टाहो फोडला की धुक्यातून कुणीतरी "क्या हुआ वाबळे साहब?" विचारलं. कान्होजींनी नळी शेगडीवर शेकली. मग ती गरम झाली. मग ती निवेपर्यंत थांबावं लागलं, आणि थांबणं हे युवराजच्या स्वभावात नव्हतं. तो लाल झाला, मग जांभळा. हात हवेत काहीतरी कुस्करू पाहत होते आणि पितळ कुस्करलं जात नव्हतं.

कान्होजींनी नळी काढली आणि दिवाणाखाली सरकवून दिली.

उघडी बाटली त्यांनी धरली ती आयुष्यभर सगळं जसं धरलं तशी, घट्ट. दुधाची पिचकारी उडाली ती युवराजच्या नाकात. तो खोकला, घुसमटला, आणि एक क्षण आवाजच आला नाही. कान्होजींनी त्याला उभं धरलं, पाठीवर थोपटलं. आवाज परत आला, भरपूर आला, आणि इतक्या मोठ्या रडण्यानं त्यांना इतकं बरं वाटेल असं त्यांनी कधी मानलं नसतं.

यानंतर त्यांनी बाटली धरली ती बोटांच्या टोकांनी, परक्याची वस्तू धरावी तशी. युवराजने ती ओढून घेतली. दोन्ही तळवे लावून कुस्करली, चावली, सोडली, पुन्हा कुस्करली. दूध तोंडात गेलं, हनुवटीवरून ओघळलं, कान्होजींच्या मफलरमध्ये जिरलं. मधूनच तो गिळायचा आणि वर त्यांच्या मिशीकडे बघायचा. रेघांकडे बघायचं कान्होजींना सुचलं तेव्हा बाटली रिकामी होती आणि युवराज मफलरमध्ये तोंड खुपसून झोपला होता.

बाटली रिकामी होती. हा पुरावा होता. कुठल्याही कोर्टात टिकला असता.

कान्होजींनी त्याला पाळण्यात ठेवलं, पांघरूण घातलं, आणि मग ते स्वयंपाकघरात गेले, कारण न जाणं त्यांना शक्य नव्हतं. मफलर गळ्यातून काढून त्यांनी काट्यावर ठेवला. कोरड्या मफलरचं वजन त्यांना पाठ होतं. लोकर आणली त्या दिवशीच दुकानदाराचा काटा त्यांनी तपासला होता. ते वजन वजा केलं. दूध पाण्याहून किंचित जड, त्याची सूट दिली. युवराजचं झबलं काढून आणलं, तेही तोललं. उरलेला आकडा पाहिला. पुन्हा तोललं.

पोटात गेलेलं अर्ध्याला दोन चमचे कमी.

ते ओट्याला टेकून उभे राहिले. बघणारं कुणी नव्हतं. मफलर बादलीत टाकला की प्रकरण मिटत होतं. आयुष्यात त्यांच्यापुढे किती तरी दुकानदार असेच काट्याला टेकून उभे राहिले असतील, आणि त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं असेल याची चौकशी करावी असं कान्होजींना कधी वाटलं नव्हतं. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. हेल्मेटसकट गरिमा आत आली.

"कितना पिया?"

"बाटली रिकामी आहे," कान्होजी म्हणाले. वाक्य शंभर टक्के खरं होतं.

तिने पाळण्यात वाकून पाहिलं. युवराजचं तोंड उघडं होतं, पोट वर-खाली होत होतं. मग तिची नजर स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, मफलर काट्यावर का आहे?"

कान्होजींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. खोटं बोलायला सराव लागतो. साठी उलटल्यावर तो एकाएकी येत नाही.

"दोन चमचे कमी आहेत," ते म्हणाले. "अर्ध्याला. बाकीचं यात आहे. झबलंही धरलंय." वर त्यांनी जोडलं, "काट्याची चूक असू शकते." स्वतःच्या काट्याबद्दल असं ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

गरिमाने काट्यावरचा आकडा पाहिला. मफलर उचलून नाकाशी नेला. काही बोलणार तोच तिचा फोन वाजला. इंदूरहून शांताताई.

"हाँ मम्मी... हो, आत्ताच आले... पी लिया ना. बोतल पूरी खाली है." तिने कान्होजींकडे पाठ केली. "नहीं, गिराया नहीं. एक थेंब नाही... बाबांनीच पाजलं. अरे, ठीक तो हैं वो... मम्मी, ती गादी मावशीला देऊन टाक ना. पडून राहून खराब होईल."

हरकत घेण्यासारखं एकूण तीन ठिकाणी होतं. कान्होजी नळाखाली झबलं धुवत राहिले, आणि नळ जरा मोठाच सोडला.

फोन ठेवून गरिमा ओट्याशी आली. "सोमवारी टॉवेल घेऊन बसा बाबा. मफलर लोकरीचा आहे, सर्दी में सूखेगा नहीं."

"कुठला टॉवेल?"

"कोई भी."

कान्होजींनी हात पुसले. मग ते आतल्या खोलीत गेले, कपाटातले सगळे टॉवेल काढून आणले, आणि काट्यावरचा मफलर बाजूला करून ते कोरडे टॉवेल एकेक करून तोलू लागले.