एकशे एक मायक्रॉन

मार्लीस केम्परला घाबरलेलं मी अकरा वर्षांत एकदाच पाहिलं, आणि त्या भीतीत माझा हात होता. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी कितीही शहाणपणाचा आव आणला तरी तुम्ही फसू नये म्हणून.

हेर्ने शहरातल्या बंद कोळसाखाणीच्या आवारात आमचे दोन गाळे भिंतीला भिंत लावून आहेत. एकात मी, डिटमार, टायर बदलतो. दुसऱ्यात मार्लीस गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढते. खोल ओरखडे नव्हेत, ते कुणालाही दिसतात. ती काढते ते केसाहून बारीक. फिरत्या ब्रशच्या धुलाईखान्यात गाडी घालून घालून पडलेले, दिव्याचा झोत टाकला की त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल उमटणारे. पांढऱ्या गाडीवर ते खपून जातात. काळ्या गाडीवर मात्र लपत नाहीत. निदान मार्लीस तरी असं म्हणते.

बाई साठीला टेकलेली, बुटकी, नाकावर जाड भिंगाचा चष्मा. नवरा वीस वर्षांपूर्वी एका केशकर्तनवालीबरोबर ओस्नाब्र्युकला गेला, त्याबद्दल ती म्हणते, "गेला ते बरं झालं, गाडी स्पंजाने धुवायचा." तिचे नियम कडक. पुसायचा कपडा जमिनीवर पडला की मेला; त्यात वाळूचा एक कण शिरला तरी तो नवे ओरखडे पाडणार. असे मेलेले कपडे माझ्याकडे येतात, चाकं पुसायला. रंगाची जाडी मोजायचं हातात मावणारं यंत्र तिच्या खिशात कायम असतं. ते दाराला टेकवलं की आकडा दाखवतं मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. दर वेळी एक-दोन मायक्रॉन जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

मी गाळा घेतला त्याच आठवड्यात तिने मला हाक मारली होती. गाळ्याचं शटर खाली, सगळे दिवे बंद, आणि हातातल्या एका दिव्याचा झोत काळ्या बॉनेटवर. "बघ," ती म्हणाली, "कशी वाट लावलीय बिचारीची." मी वाकून पाहिलं. मला काळं दिसलं. काळं, त्यात दिवा, आणि माझं स्वतःचं नाक. पण नव्या शेजारणीपुढे आंधळा कोण ठरणार? "अरे बापरे," मी म्हणालो, "केवढे!" ती इतकी खूश झाली की तिने मला तिच्या थर्मासमधली कॉफी दिली.

तेव्हापासून ती मला बोलवायची आणि मी नंदीबैलासारखी मान हलवायचो. "टायरवाल्याला दिसतं आणि गाडीच्या मालकाला दिसत नाही," असं ती गिऱ्हाइकांसमोर सांगायची. मग तर मागे फिरायची सोयच राहिली नाही.

त्या नोव्हेंबरात, एका सोमवारी, पिओन्टेकसाहेब आपली गाडी घेऊन आले. शेजारच्या शहरातल्या मोटारीच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगखात्यात काढलेला माणूस. कारखाना बंद पडला, पाडला, तिथे आता पार्सलांचं गोदाम आहे. गाडी मात्र तिथलीच, निळसर काळी, त्यांच्या स्वतःच्या शिफ्टने रंगवलेली. तीस वर्षांत तिच्यावर दुसऱ्या कुणाचा रंग चढलेला नव्हता.

"शुक्रवारी तपासनीस येणार," ते टोपी हातात धरून म्हणाले. "जुन्या गाड्यांची ती खास नंबरपाटी मिळायची तर त्याला रंग पहिलाच दिसला पाहिजे. केम्परबाई, तुमच्यावर सोडतो. पण वरचा थर फुटला तर मग..."

"तर मग दार पुन्हा रंगवावं लागेल," मार्लीस म्हणाली, "आणि ती तुमची गाडी राहणार नाही. माहीत आहे मला. जा घरी, सूप प्या."

तिने ड्रायव्हरच्या दारावर यंत्र टेकवलं. एकशे बारा. पिवळ्या चिकटपट्टीवर आकडा लिहून तिने ती काचेला लावली. "एकशे दोनच्या खाली मी जाणार नाही," ती मला म्हणाली. "त्याच्या खाली काय असतं ते मला बघायचं नाही."

सोमवारी दार झालं. मंगळवारी सकाळी शटर वर होतं, उजेड होता, दार आरशासारखं. दुपारी तिने शटर पाडलं, दिवे घालवले, दुसऱ्या बाजूचं काम केलं, आणि चारच्या सुमाराला माझ्या भिंतीवर थाप मारली.

"आली परत," ती म्हणाली.

"काय?"

"जाळी. काल काढलेली. बघ, दिव्याभोवती. रंगीत दिसतायत, इंद्रधनुष्यासारखी."

मी पाहिलं. काळं, दिवा, नाक. "हो की," मी म्हणालो.

"पॉलिशचं तेल भरून बसलं असणार फटीत. तेल उडालं, ओरखडे वर आले." तिने दार स्पिरिटने पुसलं, पुन्हा दिवा धरला आणि ओठ चावला. असं होतं कधी कधी, तेल फसवतं, हे तिनेच मला पूर्वी सांगितलं होतं. म्हणून मलाही त्यात वावगं वाटलं नाही. तिने पॉलिशचं फिरतं मशीन पुन्हा लावलं, मग यंत्र टेकवलं. एकशे नऊ.

त्या दिवशी सेंट मार्टिनचा सण. पाचला बालवाडीची पोरं कागदी कंदील घेऊन आवारासमोरून गाणी म्हणत गेली. आम्ही फाटकात उभे होतो. मार्लीस कपाळ चोळत म्हणाली, "यंदा कंदील केवढे मोठे केलेत रे." मला ते नेहमीएवढेच वाटले. पण मी हो म्हणालो. सवयच ती.

बुधवारी पुन्हा तेच. सकाळी दार स्वच्छ, दुपारी अंधार केला की जाळी हजर. एकशे सहा. संध्याकाळी एकशे चार. तिला मळमळत होतं, डाव्या भुवईच्या वर ठणकत होतं, ती स्पिरिटच्या वासाला शिव्या देत गोळ्या घेत होती. मशीन बंद झालं की भिंतीपलीकडून तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. मार्लीस गाड्यांशी बोलते, पण अशी विनवण्या केल्यासारखी नाही.  तरी मी टायरच बदलत राहिलो.

गुरुवारी दुपारी मी खाटकाकडून मटाराचं सूप आणलं, तिच्यासाठीही. शटर खाली होतं. आत ती दारासमोर स्टुलावर बसली होती, दिवा मांडीवर. काचेवर पट्ट्यांची रांग झाली होती, आणि शेवटच्या पट्टीवर एकशे एक.

"एक खाली गेले," ती म्हणाली. "तरी आहेत. डिटमार, हे रंगात नाहीच बहुतेक. हे खालून येतंय."

"खालून कुठून येणार?"

"मला काय माहीत! चाळीस वर्षं करतेय, असं कधी झालं नाही. काढलं की दुसऱ्या दिवशी हजर. काल मला वाटलं, मी वेडी झाले. खरंच वाटलं. रात्रभर डोळा लागला नाही." तिने माझी बाही धरली.   "मग म्हटलं, नाही, डिटमारलाही दिसतायत. दोघं कशी वेडी होऊ? अजून एक हात फिरवते. फुटला तर फुटला. दिसतायत ना तुला?"

तिने दिवा दारावर धरला. मी सूप खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रंगात नीट पाहिलं, डोळे फाटेपर्यंत. काळं होतं. खोल, स्वच्छ काळं, आणि दिव्याचा एकच ठिपका.  हो म्हटलं तर दार जाणार होतं. नाही म्हटलं तर अकरा वर्षं जाणार होती.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"काही दिसत नाही. काल दिसलं नव्हतं. परवाही नाही. मार्लीस, मला कधीच काही दिसलेलं नाही."

 मला वाटलं, दिवा फेकून मारणार. पण तिने तो हळूहळू वळवला, आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीवरच्या आरशाकडे धरला, ज्याच्यात ती हात धुताना तोंड बघते. त्या आरशाला कधी पॉलिश लागलं नव्हतं, ब्रश लागला नव्हता.

"इथेही आहेत," ती म्हणाली. मग दिवा तिने स्वतःकडे फिरवला आणि लगेच डोळे मिटले. "डिटमार. दिव्यालाच आहेत."

तेव्हा मला कंदील आठवले.

मी तिला माझ्या टेम्पोत घालून बोखुमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. रस्त्यावर ती डावा डोळा हाताने झाकून बसली होती.  मग म्हणाली, "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"ती हिरवी जॅग्वार? डॉक्टरांची?"

"हिरवी दिसली."

तिला हसू आलं, पण ते लगेच विरलं. "म्हणजे इतकी वर्षं मी एकटीच बघत होते," ती म्हणाली.  

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. अंधारात बाहुली मोठी होते. मार्लीसच्या डोळ्यांची ठेवणच अशी की मोठी झालेली बाहुली आतलं पाणी निघायची वाट अडवते. मग डोळ्यात दाब चढतो, कपाळ ठणकतं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. उजेडात आलं की उतरतो. चार दिवस ती शटर पाडून तासन् तास अंधारात बसली होती, आणि दर वेळी आणखी थोडा दाब चढत होता.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी मोजायला डॉक्टरीणबाईंनी एक लहानशी कांडी डोळ्याला टेकवली. मार्लीसने विचारलं, "किती मायक्रॉन?"

"पाचशे एकतीस," डॉक्टरीणबाई चकित होऊन म्हणाल्या.

"बरी आहे," मार्लीस म्हणाली. "दारापेक्षा बरी आहे." पण खुर्चीचा हात तिने असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

थेंब घातले, दुसऱ्या दिवशी लेझरने पाण्याला वाट करून दिली. उजवा डोळा वाचला. डाव्याच्या वरच्या कोपऱ्यातली नजर गेली ती गेली. "मंगळवारी आला असतात, तर बहुतेक ही वेळ आली नसती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या तिला म्हणाल्या. ऐकलं मी.

शुक्रवारी पिओन्टेकसाहेबांना गाडी मीच दिली. सगळं सांगितलं, माझी मान हलवण्यासकट. ते काचेवरच्या पट्ट्या वाचत गेले, एकशे बारापासून एकशे एकपर्यंत, आणि दारावर हाताची पाठ ठेवून उभे राहिले. त्या थराच्या खाली काय असतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! तपासनीस आला, वाकून पाहून गेला, पाटी मिळाली. निघताना पिओन्टेक काच खाली करून म्हणाले, "दार दुसरं मिळतं हो. तिला सांगा." आणि गाडी इतकी हळू काढली की मागची ट्राम घंटा वाजवायला लागली.

मार्लीस जानेवारीत परत आली. आता ती अंधार करते तो दहा मिनिटांपुरता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. दिवा आधी आरशावर, मग रंगावर. आणि मला बोलावते. मी जातो, पण पूर्वीसारखा पटकन नाही. पूर्वी माझ्या मान हलवण्याला किंमत नव्हती, आता आहे. पुन्हा होणारच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं नाही.

बघायचं कसं ते तिने मला शिकवलं. दिव्याकडे बघायचं नाही, त्याच्या कडेला बघायचं, आणि डोकं हळू हलवायचं. तीन आठवडे मला काळंच दिसलं आणि मी तसंच सांगितलं. ती म्हणाली, "टायरवाल्या, तुझ्या डोळ्यांत रबर भरलंय." मग परवा, एका काळ्या गाडीच्या मागच्या दारावर, हँडलच्या खाली, काहीतरी चमकलं. केसासारखं. मी डोकं हलवलं, ते पुन्हा चमकलं. मी मोजले. हरखून तिला सांगितलं, "तीन!"

"चार," ती म्हणाली.

मी पुन्हा पाहिलं. हँडलच्या खाली, कडेला, वर, उलट्या बाजूने.  तिच्या एका हातात मशीन होतं, वायर लावलेली. चौथा दिसला म्हणणं किती सोपं होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं, अकरा वर्षांच्या सवयीने.

"तीनच," मी म्हणालो.

तिने मशीन खाली ठेवलं. "मग आज नाही," ती म्हणाली, शटर वर केलं, आणि दवाखान्याचा नंबर शोधण्यासाठी चष्मा पुसायला लागली.